आधी शाल, मंग जाळी

आत्याबाई, तुमचा माठ हलवला.

तुमाला वाटंल, एवढ्यासाठी लिवायला बसली व्हय ही. व्हय, एवढ्यासाठीच. तुमाला जाऊन लई वर्सं झाली. सासू म्हणून तुमी मला जेवढं बोलला तेवढं कुणी बोललं न्हाई, आन् भाताच्या गिरणीतलं काम जेवढं तुमी शिकिवलं तेवढंबी कुणी शिकिवलं न्हाई. आज गुरुवार, लाईट न्हाई, गिरण बंद. सून धुणं घेऊन वढ्याला गेलीया. म्या उंबऱ्यात बसले, मांडीवर पाट घेतला, त्येच्यावर कागद ठिवला. चौथीपातुर शिकल्याली हाय, तुमाला ठावं हाय. तुमी चारचौघींत म्हणायचा, "शिकल्याली सून आणलीया, पण चुलीला अक्षर वाचता येत न्हाई, तिला लाकूड लागतं." तवा मला लई राग यायचा. आता तुमचा येत न्हाई. आता राग ठिवायला दुसरी माणसं मिळाल्यात.

आधी माठाचं सांगते. तुमी मला गिरणीत घेऊन गेला तवा पाण्याचा माठ पार त्या अंगाला व्हता, मालकाच्या हापिसाच्या दारापाशी. तहान लागली की पट्ट्याच्या म्होरनं जायला लागायचं. मोटरीवरनं वरच्या पुलीला जाणारा त्यो रुंद पट्टा, बाईच्या कमरंच्या उंचीला भणाणत फिरतोय, त्येच्या वाऱ्यानं कोंडा उडतोय, आन् बाया अंग चोरून, पोट आत वडून त्येच्या शेजारनं चालल्यात, आसं समदं मला अजून दिसतं. एक दिवस तुमी कुणाला इचारलं न्हाई, सांगितलं न्हाई. माठ रिकामा केला, उचलला आन् हिकडं खिडकीखाली, चाळणीपाशी आणून ठिवला. मोठं मालक हापिसातनं बाहेर आलं. "काय गं, माठ कुठं गेला?" तुमी मान वर न करता म्हणाला, "खिडकीखाली. पाणी प्याला बाया पट्ट्याम्होरनं जात्यात." मालकांनी पट्ट्याकडं बगितलं, माठाकडं बगितलं, "बरं" म्हणालं आन् आत गेलं. झालं. नारळ न्हाई, हार न्हाई, फोटू न्हाई. मंग तुमच्या ध्यानात आलं की माठ डुलतोय, तर खाली वीट घातली. विटंखाली ओल धरली, तर वाळू टाकली. मला तवा त्येच्यात काय इशेष वाटलं न्हाई. माठ त्यो माठ.

गिरण सुटल्यावर घरी येताना वाटंनं तुमी आमाला रोज एकच इचारायचा, "आज काय अडलं?" कुणी म्हणायची सुपाचा काठ बोचतोय, कुणी म्हणायची पोत्याचं तोंड नीट धरता येत न्हाई. तुमी त्यातलं एक उचलायचा, आन् सकाळी जाताना सुतळी न्हाईतर खिळा न्हाईतर फळीचा तुकडा काखंत आसायचा. तुमीबी काय देवी न्हवता म्हणा. म्या एकदा म्हणलं, चाळण लई खाली हाय, वाकून पाठ दुखती. तुमी म्हणाला, "माझी न्हाई दुखत." काही दिस गेलं, आन् एका सकाळी बगते तर चाळणीच्या पायाखाली फळ्या. मला एक अक्षर बोलला न्हाई. सून बरोबर म्हणत व्हती, हे कबूल करायला तुमाला जड गेलं, फळ्या उचलायला न्हाई गेलं.

आन् पैल्या दिवसाचं तर इसरायचंच न्हाई. म्या नवी साडी नेसून, पदर खांद्यावरनं मोकळा सोडून, नवरीसारकी गिरणीच्या दारात उबी. काय करायचं म्हणून तुमाला इचारायला तोंड उगडलं तर तुमी म्हणाला, "पदर खोच आधी, मंग बोल." आन् पिशवीतनं मामंजींचा जुना सदरा काढून माझ्या अंगावर फेकला. "साडीवर घाल." मला लाज वाटली. सासऱ्याचा सदरा घालून गड्यामाणसांत उबं ऱ्हायाचं? तुमी खालपासनं वरपातुर बटणं लावली, आन् गळ्याचं बटण लावताना गळा वाईच आवळला, मुद्दाम. म्हणाला, "लाज घरी. हितं पट्टा हाय." लग्नात तुमी मला काय काय घातलं ते आता आठवतबी न्हाई. ह्यो सदरा आठवतो. बाह्या विरल्या तवा कापल्या, कॉलर गेली तवा उलटी करून शिवली. अजून हाय.

आता ऐका पुढचं. मोठं मालक तुमच्या मागनं गेलं. आता त्येंचं पोरगं, आमी धाकलं मालक म्हणतो, ते बगत्यात. माणूस वाईट न्हाई. पुण्यात शिकलं, परत आलं. इंद्रायणी, आंबेमोहोर पाकिटात भरायचा, पानशेतला धरणापाशी हॉटेलं झाल्यात तितं ठिवायचा, शनवार-रविवारची पुण्याची माणसं जेवून जाताना घेऊन जात्यात. बेत चांगला हाय. वेल्ह्याकडचं भात टेम्पोनं याया लागलं, काम वाढलं, तुमच्या नातसुनेलाबी त्येच्यावरच काम मिळालं. पण मंग पाकिटं घेणारा मोठा व्यापारी म्हणाला, म्या गिरण बगाया येणार. आन् हितनं डोस्क्याला ताप सुरू झाला. धाकल्या मालकांनी पुण्याचा एक साहेब आणला. त्यो सुधारणा शिकवतो. म्हंजी रोज थोडी थोडी सुधारणा करायची, कवा थांबायचंच न्हाई, आसलं कायतरी. म्या मनात म्हणलं, आमच्या आत्याबाई हेच करत व्हत्या, त्येंना कुणी साहेब म्हणलं न्हाई. पण गप बसले. म्हणलं आयकून तर घ्यावं.

पैल्याच दिशी साहेबानं समद्यांना गोल उबं केलं, टाळ्या वाजवायला लावल्या, आन् म्हणाला, "मावशी, ताई, आजपासून तुम्ही सगळ्या या गिरणीच्या मालक आहात." पाखडायला बसत्यात त्यातली एक म्हणाली, "मंग मालकीणबाय आज वाईच लवकर घरी जाऊ का? म्हस दाव्याला हाय." समद्या हसल्या. साहेबबी हसला, पण म्हशीकडं कुणी गेलं न्हाई. मालकीणबाय दिस मावळंस्तवर पाखडत बसल्या.

मंग पिवळा रंग आला. जिकडं तिकडं खाली चौकोन. झाडूला चौकोन, घमेल्याला चौकोन, पोत्यांना चौकोन. वस्तू आपल्या चौकोनात पायजे. म्या म्हणते, झाडू हातात घेतला की चौकोन मोकळाच ऱ्हाणार, का चौकोनातच उबं ऱ्हाऊन झाडायचं? ते आसू दे. मंग साहेब खिडकीखाली आला, माठाकडं बगून त्येनं तोंड वाकडं केलं. "हे इथं अस्ताव्यस्त दिसतं. पाणी ऑफिसजवळ ठेवा, पाहुण्यांच्याही नजरेस पडेल."

"त्यो तितनंच हिकडं आणलाय," म्या म्हणलं, "मुद्दाम."

"कुणी आणला?"

"माझ्या सासूनं."

"कधी?"

"लई वर्सं झाली. वारल्या त्या."

गडीमाणसं खुदकन हसली. साहेब म्हणाला, "मावशी, हेच तर आपल्याला शिकायचंय. जुनी सवय सोडायची." कुणी आणला इचारलं, कवा आणला इचारलं. का आणला, एवढंच इचारायचं ऱ्हायलं. माठ परत पट्ट्यापल्याड गेला, त्येच्याभवती पिवळा चौकोन आला, आन् आमी बाया परत अंग चोरून, पोट आत वडून जायला लागलो. आन् ह्याला म्हणायचं सुधारणा.

मंग पेटी आली. कुलूप लावल्याली, वर फट. काय सुचलं तर चिठ्ठी लिवून टाका, नाव टाकायची गरज न्हाई म्हणाला. साहेब पुण्याचा, त्येला काय ठावं. हितं अक्षर वळखायची गरज पडत न्हाई. गिरणीतली एकूणएक वस्तू कुणाच्या ना कुणाच्या भावकीची हाय. मशीन चालवणारा धाकल्या मालकांचा चुलता लागतो. टेम्पोवाला आमच्या भावकीतला. पाकिटं भरणारा भोंगवलीकडचा, पण त्येची बहीण दिलीया वरच्या आळीत. मशीनबद्दल लिवलं की चुलत्यावर लिवलं. पोत्यांबद्दल लिवलं की टेम्पोवाल्यावर. कुणीतरी एकदा लिवलं, मागच्या दाराचा कोयंडा बसवा, तर राखणदारानं बारशाला येणं सोडलं, "माझ्यावर चिठ्ठी टाकत्यात" म्हणून. मंग माणसं शानी झाली. पेटीत काय निघायचं? चहात साखर वाढवा. मालक लई दिलदार हायत. गणपतीचा फोटू लावा. फोटू तेवढा लगेच लागला. साहेबानं टाळ्या वाजवल्या, म्हणाला बदल दिसतोय. दिसतोय की. गणपतीला रोज झेंडूचा हार दिसतोय.

ह्यात तुमच्या नातसुनेनं खरी चिठ्ठी टाकली. दहावी शिकल्याली हाय, आन् माझ्यापेक्षा भोळी हाय. तिनं लिवलं, पट्ट्याला जाळी बसवा, माठाकडं जाताना कुणाचा तरी पदर जाईल. खाली नावबी टाकलं. म्या म्हणलं, "कशाला गं अंगावर घेतीस?" तर म्हणती, "आत्या, त्यांनी इचारलंय ना? मंग सांगायचं न्हाई तर काय करायचं?" पण जवा जवा ती पाण्याला उठायची तवा माझं सूप थांबायचं. ती परत जाग्यावर बसली की मंग पाखडायला लागायची. घरी लेकाला काय बोलले न्हाई. कामावरनं काढून घरात बसवंल तिला, आन् तिला तर गिरण आवडती.

चिठ्ठी उगडली, साहेब नाचलाच. "बघा! ही खरी सूचना!" मशीनवाल्या चुलत्यानं बिडी इझवली आन् म्हणाला, "इतकी वर्सं पट्टा फिरतोय. कुणाला चावला का? ह्येंच्या घरातल्या बायांना माझीच मशीन दिसती." आमची आन् त्येंची बांधावरनं जुनी कुरबुर, ती तुमच्याच येळंची, तुमाला सांगायला नको. धाकलं मालक मधी उबं. चुलत्याला 'जाळी बसवा' म्हणावं तर चुलता रुसतोय, आन् न म्हणावं तर साहेब बगतोय. मंग त्यांनी मधला रस्ता काढला. जाळी पुढं बगू, आधी सूचनेचा सत्कार करू. व्यापारी येणार हाय त्याच दिशी. शाल, नारळ, फ्लेक्स.

आत्याबाई, तुमच्या येळंला फ्लेक्स न्हवतं. ते मोठं रंगीत कापड आसतं, त्येच्यावर फोटू छापत्यात. आता वाढदिवसाला फ्लेक्स, निवडून आला तरी फ्लेक्स, पडला तरी फ्लेक्स. गिरणीत फ्लेक्स लागला. वर धाकल्या मालकांचा फोटू, साहेबाचा फोटू, व्यापाऱ्याचा फोटू, चुलत्याचाबी फोटू, न्हाईतर त्यो जेवला नसता. खाली कोपऱ्यात आपल्या सुनेचं तोंड, तिकिटाएवढं. लिवलं व्हतं, 'उत्कृष्ट सुरक्षा सूचना'. ती जाळी कुठं हाय म्हणून बगावं तर फ्लेक्सवरबी न्हाई. आन् ते कापड बांदलं कुठं, तर पट्ट्याशेजारच्या खांबाला. तितंच मोकळी भिंत दिसती म्हणून.

सत्काराच्या दिशी समद्या बायांना गुलाबी साड्या दिल्या. साहेब म्हणाला, "ते शर्ट आज काढा, फोटोत बरं दिसत नाही." बायांनी गुमान सदरं काढून खुंटीला लावलं. म्या न्हाई काढला. मला मागच्या रांगंत उबी केली. बरं झालं, तितनं पट्टा दिसत व्हता. सुनेनं काढला. नवऱ्याचा सदरा घडी करून मला दिला, म्हणाली, "आत्या, आजच्या दिवस." म्या म्हणलं, "पदर खोच." तिनं खोचला. चांगला घट्ट खोचला, म्या बगितलं.

व्यापारी आला. नारळ फुटला, मशीनीला हळदकुंकू लागलं. म्या म्हणलं, आता पट्टा बंद करत्याल, मंग सत्कार करत्याल. तर साहेब म्हणतोय, "मशीन चालू राहू दे, फोटो जिवंत वाटतो." सुनेला फ्लेक्सखाली उबी केली. व्यापाऱ्यानं तिच्या खांद्यावर शाल टाकली, दोनी हातात नारळ दिला. टाळ्या. फोटूवाला म्हणतोय, "ताई, थोडं मागं. अजून थोडं. हसा." ती मागं सरकती, हसती. पट्ट्याचा वारा शालीच्या टोकाला लागतोय, टोक उडतंय, आन् म्या बगतीया. मंग ते टोक पट्ट्यानं घेतलं.

मला एवढं आठवतं की ती वडली गेली. मान वाकडी झाली, डोळं मोठं झालं, पर हातातला नारळ काय सोडंना. सत्काराचा नारळ खाली कसा टाकायचा! दोनी हात नारळाला, आन् शाल गळ्याला. म्या बोंबलले, "नारळ सोड! अगं नारळ सोड ना!" माणसं ढकलत गेले, तिच्या हातावर फटका मारला. नारळ पडला, तिचं हात मोकळं झालं, तिनं शाल गळ्यावरनं उपसली, आन् आमी दोघी मागं पोत्यांवर पडलो. शाल सरसर वर गेली, पुलीला गुंडाळली, पट्टा निसटला, मोटर किंचाळायला लागली, तवा चुलत्यानं बटण दाबलं. नारळ गडगडत गेला आन् माठाच्या पिवळ्या चौकोनात जाऊन थांबला. त्या दिशी गिरणीत तेवढी एकच वस्तू जागच्या जागी व्हती.

सुनेच्या मानंवर लाल वळ. आन् ती मला म्हणती काय, "आत्या, साडी फाटली का? परत द्यायची हाय." म्या तिच्या अंगावर तिच्या नवऱ्याचा सदरा घातला. खालपासनं बटणं लावली. गळ्याचं न्हाई लावलं, वळ व्हता.

कोण काय बोललं ते सांगते, हसू नका. साहेब म्हणाला, "कुणी घाबरू नका, काही झालेलं नाही." फोटूवाला म्हणाला, "शाल लांब होती." एक बाई म्हणाली, नजर लागली. दुसरी म्हणाली, आधी फोडल्याला नारळ नासका निघाला, तवाच वळखायचं व्हतं. व्यापाऱ्यानं चहा घेतला आन् तांदूळ बगायच्या आधीच गाडीत बसला. दुसऱ्या दिशी परत गोल उबं केलं. काय चुकलं, त्याची मीटिंग. तास झाला नसंल, सुधारणा ठरल्या. ह्यापुढं सत्कार आत न करता बाहेर अंगणात करायचा. शाल न देता फुलांचा गुच्छ द्यायचा. पट्ट्याच्या खांबाला लिंबू-मिरची बांदायची. हे शेवटचं चुलत्यानं सुचवलं, ते तितल्या तितं झालंबी. साहेबानं फळ्यावर समदं लिवून घेतलं. आत्याबाई, फळ्यावर जाळी न्हवती. आन् जिच्या मानंवर वळ, ती हळद लावून तितंच उबी व्हती. तिला कुणी इचारलं न्हाई.

म्या म्हणलं, "मालक, जाळी."

"बघू की मावशी. काकांशी बोलतो."

"बोला. तवर आमी बाहेर बसतो. बोलणं झालं की हाक मारा."

आन् म्या जाऊन अंगणातल्या वट्यावर बसले. सून आली. म्हसवाली आली. मंग एकेक करून बाकीच्या आल्या. दोगी आतच ऱ्हायल्या, चुलत्याच्या घरातल्या, पण त्यांनीबी सुपाला हात लावला न्हाई. तेवढ्यात वेल्ह्याकडनं टेम्पो आला, भातानं भरून. शेतकरी खाली उतरला, पंच्यानं तोंड पुसलं. "काय वं, गिरण का बंद?"

"मालक काकांशी बोलत्यात."

"काका लई लांब ऱ्हात्यात काय?"

"न्हाई. आतच हायत."

त्येनं वाईच इचार केला, आमच्याकडं बगितलं, सुनेच्या मानंकडं बगितलं. मंग दारात जाऊन मोठ्यानं म्हणाला, "मालक, बोलणं उरका, न्हाईतर पोती आंबवड्याच्या गिरणीत न्हेतो." एवढं लागलं. साहेबाच्या टाळ्यांनी जे झालं न्हाई ते त्या पोत्यांनी झालं. दुपारपातुर भोरातनं वेल्डिंगवाला आला, अँगल आन् जाळी घेऊन. आन् जाळी धरायला कोण, तर चुलताच. घाम पुसत मला म्हणाला, "वहिनी, खरं सांगू का? दुसऱ्या कुणी सांगितलं आसतं तर कवाच बसवली आसती. तुमच्या घरातनं आलं म्हणून..."

"मंग पट्ट्याला सांगून ठिवायचं," म्या म्हणलं, "ह्येंच्या घरातल्यांना धरू नको म्हणून."

त्यो हसला. हसायसारकं म्या काय बोलले न्हवते.

माठ म्याच आणला परत, खिडकीखाली. तुमची वीट तशीच व्हती, वाळू नवी टाकली. हापिसापाशी त्यो पिवळा चौकोन अजून मोकळा हाय, गिरणीचं कुत्रं त्यात झोपतंय, बरोब्बर मधोमध. आन् धाकलं मालक म्हणालं काय ठावं हाय? "मावशी, तुमचा एक फ्लेक्स लावू. जाळी बसवून घेतल्याबद्दल." म्या म्हणलं, "लावा. आन् शालबी आणा, जाळीवर वाळत घालते." परत इचारलं न्हाई.

म्या त्येंना नावं ठिवते, पण एक खरं सांगते. तुमच्या येळंला मालक आमाला कायबी इचारत न्हवतं. तुमी माठ उचलला तवा तुमच्या अंगात धमक व्हती म्हणून उचलला. धमक नसल्याली बाई तशीच अंग चोरून जात ऱ्हायली आसती. आता इचारत्यात. इचारणं वाईट न्हाई. पण इचारलं, उत्तर मिळालं, की त्येंना वाटतं काम झालं. मंग त्या उत्तराला हार घालत्यात, आन् हार घातल्यालं उत्तर गणपतीच्या फोटूशेजारी टांगून ठिवत्यात. आन् आपली माणसं? खरं सांगितलं तर सोयरिकीला बाध येतो म्हणून चहात साखर मागत्यात. साहेबाला शिव्या देणं सोपं हाय. त्यो आपल्या गाडीनं आला, गाडीनं गेला. पट्ट्याम्होरनं जाणाऱ्या आपल्या बाया, आन् गप बसल्यालीबी आपलीच माणसं.

माठाचं झालं, पण ते निम्मंच; उरल्यालं निम्मं सांगते, म्हंजी झालं. ह्या जाळीमागं तूस साठतं. रोज गिरण बंद झाली की कडी काढायची, जाळी खाली घ्यायची, तूस लोटायचं, जाळी परत बसवायची. ते काम म्या घेतलंय अंगावर. काल दिसभर उबी व्हते, पाठ भरून आल्याली. तूस लोटलं, जाळी भिताडाला टेकवली आन् म्हणलं, उद्या गुरुवार, गिरण बंदच हाय, शुक्रवारी आल्यावर बसवू. चपला घातल्या. दारात सून उबी, सदऱ्याच्या बाह्या खाली वडत. घरी निघालं की इचारायची तिला सवय लागलीया, तुमचीच, माझ्याकडनं आलीया. म्हणली, "आत्या, आज काय अडलं?"

म्या म्हणलं, "कायबी न्हाई. चल."

ती हलंना. तिनं माझ्या मागं बगितलं, भिताडाकडं. मंग मला म्हणली, "जाळी लावा आधी, मंग चला."

आत्याबाई, म्या तिला लई बोलले. काल आल्याली पोरगी मला शिकवतीया, उद्या पट्टा फिरणारच न्हाई, एवढंबी कळत न्हाई का, दहावी झाली म्हंजी अक्कल आली का, जे जे तुमी मला बोलला व्हता ते समदं. ती सदऱ्याचं गळ्याचं बटण चाचपत उबी ऱ्हायली. मंग म्या चपला काढल्या, आत गेले, जाळी उचलली, कडी लावली.

बादलीचा आवाज येतोय, आली बगा वढ्यावरनं. ह्यो कागद तुमाला कुठं पाठवायचा, चुलीत घालते. चुलीला अक्षर वाचता येत न्हाई, तुमीच म्हणायचा. बरं हाय ते. सून बरोबर म्हणत व्हती, एवढं ह्यात लिवलंय.